न घेतलेलं पाणी

टीपॉयवर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी केव्हाच स्थिर झालं होतं. खोलीत चौघंजण होती. छताचा पंखा तेवढा आपलं जुनं गाऱ्हाणं पुन्हापुन्हा सांगत होता.

किशोरीचा उजवा पाय आशालताच्या मांडीवर होता. शाळेचा मोजा नुकताच उतरवलेला. पांढरा, टाचेशी विटलेला. घोट्याच्या किंचित वर कातडीवर एक तांबूस वळ उमटला होता. पूर्ण वर्तुळ नव्हतं ते; नखानं ओल्या वाळूत ओढावी तशी एक अर्धवट रेघ. पण आशालतानं ती रेघ ओळखली. हीच रेघ, याच पायावर, तिनं काही वर्षांपूर्वी खाडीकाठच्या एका घरात पाहिली होती. आणि त्या रेघेमुळेच ही मुलगी त्या घरातून या घरात आली होती.

"पाणी तरी प्या, आशालताबाई," खिडकीजवळच्या खुर्चीतून एझरा म्हणाले. "एक दिवसाआड येतं नळाला. त्याचा तरी मान ठेवा."

"अहो, तुम्ही गप्प बसा जरा," हदासा म्हणाली.

आशालतानं पेल्याकडे पाहिलं नाही. घरभेटीला गेलेल्या कार्यकर्तीनं त्या घरचं काहीही घ्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, हा 'वळचण' या तिच्या संस्थेचा नियम होता. संस्था इथेच, खांदा कॉलनीत, पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत होती तेव्हाचा. जे मूल आपल्या घरी सुखरूप नाही त्या मुलाला काही काळ दुसऱ्या कुटुंबात ठेवायचं, दत्तक द्यायचं नाही, नुसतं सांभाळायला द्यायचं, आणि मूळ घर सावरलं की परत पोचवायचं, एवढंच संस्थेचं काम. ती ज्यांनी काढली त्या मोठ्या बाई म्हणायच्या, ज्या घरचं पाणी प्यालो त्या घराविरुद्ध बोलताना जीभ अडखळते. आपल्याला जीभ मोकळी ठेवायची आहे. पुढे मोठ्या बाई गेल्या, गिरणी गेली, दोन खोल्यांची पळस्प्याला चार मजली इमारत झाली. नियम मात्र पिठासारखा आशालताच्या अंगाला चिकटून राहिला. किती घरांतले किती पेले तिच्यासमोर असेच तुडुंब भरून निवळले असतील, याचा तिनं कधी विचार केला नव्हता.

"हे काय आहे?" तिनं शेवटी विचारलं.

"तुम्हाला वाटतंय ते नाही," हदासा म्हणाली. चित्रकलेची शिक्षिका म्हणून तिची उभी हयात शाळेत गेली होती. आवाज चढू न देता वर्ग शांत करण्याची सवय तिच्या बोलण्यात अजून होती.

"मला काय वाटतंय?"

"तेच. तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय." हदासानं पदर सारखा केला. "ती स्वतःच बांधते. झोपताना. माझी जुनी ओढणी घेते, एक टोक पायाला, दुसरं पलंगाला. सोडवली की उठून बसते आणि भिंतीकडे बघत राहते. आधी मी रोज सोडवायची. मग म्हटलं, झोपू दे पोरीला."

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर तुम्ही आज आलात तशाच आला असतात ना? मोजे उतरवायला?"

एझरा हसले, पण त्या हसण्याला कुणी सोबत केली नाही, म्हणून ते खिडकीबाहेर पाहू लागले. नव्या विमानतळाकडे उतरणारं एक विमान कॉलनीच्या टाक्यांवरून इतकं खाली आलं होतं की क्षणभर त्याची सावली समोरच्या गच्चीवरच्या कपड्यांवरून सरपटत गेली.

आशालतानं मुलीकडे पाहिलं. मुलाला प्रश्न विचारताना उत्तर ऐकायचं नसतं, उत्तराआधी ते कुणाकडे बघतं ते बघायचं असतं; हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, अनुभवानं शिकवलं होतं.

"किशोरी, हे कोण बांधतं गं?"

"मी."

"का?"

मुलीनं कुणाकडेच पाहिलं नाही. ती आपल्या पायाकडे पाहत होती, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

"बांधलं की पाणी नेत नाही."

"कुणी सांगितलं तुला?"

"माझ्या आईनं."

हदासाच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेलं. या घरात किशोरी तिला आजी म्हणत असे आणि एझरांना आबा. आई या शब्दाची जागा रिकामी ठेवलेली होती आणि त्या रिकाम्या जागेशी हदासानं इतकी वर्षं जमवून घेतलं होतं. पण 'माझ्या' हा शब्द तिनं त्या जागेवर आज पहिल्यांदा ऐकला असावा.

पाण्याचा धाक घातला असणार, आशालताच्या मनानं तत्काळ नोंद केली. हलशील तर खाडीत टाकीन. असे धाक तिनं पुष्कळ ऐकले होते. मग त्याच मनानं हदासाकडेही तिरक्या नजरेनं पाहिलं: हे वाक्य पढवलेलं तर नाही? सोमवारी बालकल्याण समितीसमोर सुनावणी होती. किशोरी मैनाकडे, म्हणजे आपल्या आईकडे परत जाणार, की इथेच राहणार, हे तिथे ठरायचं होतं. आणि समिती मुख्यतः आशालता काय सांगते यावरच ठरवणार होती. अशा वेळी आईच्या घरचा दोर एका लहान मुलीच्या तोंडून बाहेर यावा, हे हदासाच्या फारच सोयीचं होतं.

किशोरीनं मोजा चढवला. ती उठून आत गेली. जाताना बाहेरच्या दाराच्या चौकटीपाशी ती थांबली, टाचा उंचावून चौकटीवरच्या त्या छोट्या तिरप्या मेझुझाला, ज्यू घराच्या दारावरच्या प्रार्थनेच्या डबीला, तिनं बोट लावलं आणि बोट ओठांना टेकवलं. आत जायचं तर त्या दारापर्यंत जायची गरजही नव्हती. एझरा जाता-येता तसं करत. तिनं ते नुसतं बघून उचललं होतं.

निरोप घेताना हदासा दारापर्यंत आली. शुक्रवार होता, ओट्यावर नारळ फोडून ठेवला होता, सूर्य मावळण्याआधी लावायच्या शब्बाथच्या दिव्यात तेल भरून ठेवलं होतं.

"तिला परत पाठवणार का तुम्ही?"

"ते समिती ठरवते, हदासाताई."

"समितीला तुम्ही सांगता." तिनं दार अर्धवट धरून ठेवलं. "आमचा ओरेन तिकडे इस्रायलहून, अश्दोदहून रोज फोन करतो, आई, आता तरी या म्हणतो. मी जात नाहीये. कुणासाठी जात नाहीये, ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि त्या बाईनं लेकराला बांधून ठेवलं होतं. गुरासारखं. हे मला कुणी सांगितलं? तुम्हीच ना?"

सांगितलं होतं. आशालताला ती दुपारसुद्धा आठवत होती.

*

पळस्प्याच्या नाक्यावर, गोव्याचा रस्ता जिथे फुटतो तिथून थोडं आत, 'वळचण'ची इमारत उभी होती. पुढच्या आठवड्यात तिचं उद्घाटन. काचेच्या दाराला अजून निळा कागद चिकटलेला होता, आणि हमरस्त्यावरून एखादा कंटेनर गेला की तो कागद थरथरायचा. दर्शनी भिंतीवर एक मोठं छायाचित्र लावण्याचं काम चाललं होतं. मुलांचे चेहरे दाखवता येत नाहीत म्हणून पाठमोरं: टाचा उंचावलेली एक मुलगी, दाराच्या चौकटीकडे गेलेला तिचा हात, आणि खाली अक्षरं, 'प्रत्येक मुलाला एक दार'.

आशालता त्या हाताकडे पाहत उभी राहिली. पायाकडे पाहायचं टाळूनही तिनं पाहिलंच. चित्रात पांढरे मोजे होते.

"मस्त आलंय ना, ताई?" वरद मागून म्हणाला. तो संस्थेचा व्यवस्थापक. वयानं तिच्या मुलीएवढा, वागायला मृदू. आणि त्याच्याविरुद्ध बोट दाखवावं असं काहीही तिला आजवर सापडलं नव्हतं, हीच गोष्ट तिला खटकत असे. त्याच्या येण्यानंतरच संस्था तालुक्याबाहेर पसरली, मोठ्या कंपन्यांचे लोक आले, पाणी न घेण्याच्या नियमाला प्रशिक्षणात 'झिरो ऑब्लिगेशन व्हिजिट' असं नाव मिळालं. नाव मिळाल्यापासून तो नियम तिला थोडा परका वाटू लागला होता.

तिनं वळाचं सांगितलं. ओढणीचं सांगितलं. मुलीचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

वरदनं तिला बसायला खुर्ची दिली, हातात पाण्याची बाटली दिली. बाटलीवर संस्थेचं चिन्ह होतं. ती अर्धी पिऊन झाल्यावर तिच्या लक्षात आलं की हे पाणी तिनं काहीच विचार न करता घेतलं.

"म्हणजे ट्रॉमा," वरद म्हणाला. "आईनं बांधलं, मुलीनं ते आत घेतलं, अजून निघत नाहीये. ताई, हे तर क्लिअर आहे. उलट आता आपल्याला सोमवारी सांगायला ठोस काहीतरी मिळालं."

"पण ती बांधून घेते तेव्हा तिला झोप लागते, वरद. घाबरून नाही, सुटल्यावर घाबरते."

"तेच तर. पिंजऱ्याची सवय." तो हळू आवाजात बोलत होता; बाहेर शिडीवरचा माणूस छायाचित्राचा कोपरा ठोकत होता. "बघा, मी तुम्हाला काहीही लिहा असं कधी म्हटलंय का? नाही ना? पण एझरा अंकल, हदासा आंटी म्हणजे आपलं बेस्ट घर आहे. त्या घरात मुलीच्या पायाला वळ, हे वाक्य नुसतं तसंच कुणाच्या कानावर गेलं, तर ते कुठे जाऊन थांबेल सांगा. वळ कुठून आला ते आपणच नीट सांगायला हवं."

"तो कुठून आला ते मला अजून माहीत नाही."

"ताई, संशय घेणं हे तुमचं काम आहे, आणि तुमच्याइतकं ते कुणाला जमत नाही," वरद हसून म्हणाला. "पण संशयालासुद्धा दिशा लागते."

ती बाहेर पडली तेव्हा उन्हं कलली होती. रिक्षात बसल्यावर त्या वाक्याची कडवट चव तिच्या जिभेवर पुन्हा आली. दिशा. आजवर ती समजत होती की संशय ही एक प्रकारची नजर आहे, पाण्यासारखी, रंग नसलेली. आता प्रथमच तिला वाटलं की त्या नजरेलाही कुणीतरी उतार करून दिलेला असेल. आणि पाणी उताराकडेच वाहतं.

तिची मुलगी अनुया कामोठ्याला राहायची. मागच्या दिवाळीत आशालता तिकडे गेली होती. नातीला मांडीवर घेतलं आणि हाताला सवयीनं जे कळतं ते हातानं केलं: फ्रॉकची बाही वर सरकवली, दंड उलटून पाहिला. जावई दारात उभा होता. अनुयानं पाण्याचा पेला पुढे केला, आणि आशालतानं, तिचं लक्ष नव्हतं, तो बोटानं हलकेच बाजूला सारला. अनुयानं त्या पेल्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आई, तू घरी येत नाहीस गं. तू भेट देतेस." त्यानंतर फोन होत, बोलावणं झालं नव्हतं.

*

उरणच्या अलीकडे, रस्ता सोडून खाली उतरलं की खाडीला टेकून कोळ्यांची थोडी घरं होती. पलीकडे भराव पडत होता आणि त्याच्यापलीकडे क्रेनच्या माना आकाशात वाकलेल्या दिसत होत्या. त्याच संध्याकाळी आशालता तिथे पोचली तेव्हा भरती सुरू झाली होती. चिखलावरून पाणी आवाज न करता पुढे येत होतं, एखादं माणूस चपला हातात घेऊन यावं तसं.

मैनाचं घर सर्वांत शेवटचं. पडवीत तिचा सासरा काशिराम जाळं विणत बसला होता. हातातली सुई न थांबवता त्यानं वर पाहिलं.

"या म्याडम. आज कोनाला न्यायला आलाव?"

"कुणालाच नाही. मैना आहे?"

"बाजारात हाय. येल." त्यानं पायानंच एक पाट तिच्याकडे सरकवला. "बसा. पानी इचारत नाय. तुमाला चालत नाय, म्हाईत हाय."

आशालता बसली नाही. तिची नजर पडवीच्या खांबावर गेली होती. तिथे निळ्या नायलॉनचा दोर टांगलेला होता, जाळ्याच्या काठाला असतो तसा. तोच होता. तेव्हा तो मुलीच्या पायात होता. मुलगी पडवीत एकटी, दार उघडं, घरात कुणी नाही. शेजारून कुणीतरी संस्थेला फोन केला होता, पोर दिवसदिवस बांधलेली असते म्हणून. फोन खोटा नव्हता.

इतकी वर्षं हा दोर इथेच का? तिच्या मनानं लगेच विचारलं. सोमवारच्या सुनावणीची नोटीस इथे पोचली आहे. मी येणार हे यांना माहीत आहे. कुणी आजच आणून टांगला असेल.

तिनं दोर खांबावरून उतरवला. त्याच्या एका टोकाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती, अनेक पदरी, मऊ, घोट्याला काचू नये अशी. चिंधी मिठानं कडक झाली होती. मीठ चार दिवसांतही बसतं, ती स्वतःशी म्हणाली. तेव्हा ही चिंधी होती का? तिनं आठवून पाहिलं. आठवणीत फक्त वळ होता. दोर होता. चिंधी नव्हती, पण नव्हती म्हणून नव्हती, की पाहिली नव्हती म्हणून, हे आठवण सांगेना.

काशिरामची सुई थांबली होती.

"दोराला काय बगता?" तो म्हणाला. "धरा टोक नि चाला."

"म्हणजे?"

"चाला म्हंतो ना. पुढं."

दोराचं दुसरं टोक खांबालाच होतं, गाठ जुनी, उन्हानं पांढुरकी पडलेली. आशालता चिंधीचं टोक हातात धरून पडवीतून पुढे चालत गेली. दोर उलगडत आला. तो आतल्या खोलीच्या दारापर्यंत पुरत होता, चुलीपाशी जात नव्हता. पाण्याच्या माठापर्यंत जात होता. मग ती बाहेरच्या बाजूला वळली, जिथे पडवीच्या कडेवरून दगडी पायऱ्या थेट खाडीत उतरत होत्या. पहिल्या पायरीच्या वीतभर अलीकडे दोर ताणला गेला आणि तिच्या हाताला हिसका बसला.

खाली तिसऱ्या पायरीला पाणी लागलं होतं.

"पलीकडं भराव पडला तसं पानी आमच्या अंगावर आलं," तिच्या मागून काशिराम बोलत होता. "आदी या पायऱ्यांवर पोरं खेळायची. प्रितेश पन खेळायचा. किशोरीच्या आदीचा, मैनाचा थोरला. मैना पहाटं बाजाराला गेली. मी होडीवर. माजा पोरगा तवा बी ट्रॉलरवं, आता बी ट्रॉलरवं. घरात मैनाची सासू, तिचा डोला लागला. दोर नव्हता तवा, म्याडम. दोर नाय तवा काय झाला, त्ये तुमी कदी..."

"आबा!"

मैना पायवाटेवर उभी होती. डोक्यावर रिकामी पाटी, कमरेला खोचलेलं लुगडं, घोट्यापर्यंत चिखल. ती किती वेळची तिथे होती कुणास ठाऊक.

"आबा, गप ऱ्हावा. भरती हाय."

काशिरामनं मान खाली घातली आणि सुई जाळ्यात खुपसली. मैनानं पाटी उतरवली. ती धुतली, पालथी घातली, हात लुगड्याला पुसले. हे सगळं तिनं सावकाश केलं, पडवीत कुणी परकं माणूस नसावं तसं. दोराचं टोक अजून आशालताच्या हातात होतं, आणि ते कुठे ठेवावं हे तिला कळत नव्हतं.

"मैना, हे तेव्हा का सांगितलं नाहीस?"

"तुमी इचारलाव?"

"मी विचारलं होतं."

"तुमी इचारलाव, पोरीला बांदतेस का. मी बोलले, हो, बांदते. तुमी लिवून घेतलाव नि उठलाव." मैनाच्या आवाजात राग नव्हता, तो केव्हाच वाळून, मिठात मुरून, साठवणीचा झाला होता. "का बांदतेस, असं कोन इचारलं? बांदनारीला का असतं काय?"

"समितीसमोर तरी बोलायचं होतंस."

"तितं पोर माज्या मांडीवं होती. तिच्या कानावं त्याचं नाव घालू? सासू सांगून गेली, पान्यानं नेलेल्याचं नाव दुसऱ्या लेकराच्या देखत घ्यायचं नाय. पानी ऐकतं." ती खाडीकडे न पाहता म्हणाली. "तिला येवडंच सांगलं व्हतं, बांदलं की पानी नेत नाय. बस."

आशालता ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिचं मन सवयीच्या वाटेनं पुढे निघालं होतं. मृत्यूची नोंद असेल. ग्रामपंचायतीत सोमवारी सकाळी विचारता येईल. शेजारी सांगतील. नसेल तर? नोटीस आल्यावर कुणी शहाण्या माणसानं यांना सुचवलं असेल तर? मेलेली मुलं लोक उभी करतात, हे तिनं पाहिलं होतं. जिवंत मुलांसाठी माणसं काहीही करतात. सासऱ्यानं बोलायचं, सुनेनं अडवायचं, हेही ठरवून करता येतं. आणि किशोरीचं तेच वाक्य, तिकडे, खांदा कॉलनीत, या घराशी काही संबंध न उरलेल्या मुलीच्या तोंडून? तेही ठरवलं होतं? कुणी? कधी? इथून नेली तेव्हा मुलगी तर तीन वर्षांची होती.

ती पुरावे मांडत राहिली असती. पुरावा सोमवारी मिळेलही. पण पुराव्यानंतर आलेल्या विश्वासाला विश्वास म्हणत नाहीत, ती पोच असते. आणि एवढं आयुष्य तिनं फक्त पोच देण्यात घालवलं होतं.

"तुमी पयल्यांदा आलाव ना," मैना म्हणाली, "तवा मी तांब्या घासून पानी ठेवलं व्हतं तुमच्यासमोर. गोडं पानी हितं टँकरचं येतं. तुमी असं, एका बोटानं, लोटलाव. तवाच मना कललं, हिनं येतानाच ठरवलंय."

"आमचा नियम आहे तो, मैना. सगळ्या घरांत तसंच..."

"असल."

काशिरामची सुई पुन्हा थांबली होती. पाणी दुसऱ्या पायरीवर आलं असावं, कारण दगडाच्या फटीत अडकलेली हवा बुडबुड करून बाहेर पडली. भरावावरच्या क्रेनवर एक दिवा लागला. आता खांदा कॉलनीत हदासानंही दिवा लावला असेल, आशालताला वाटलं. किशोरी जवळ उभी असेल, आणि आणखी थोड्या वेळानं ती ओढणी शोधू लागेल. सोमवारी एक कुणीतरी रडणार होतं. या दोन बायांपैकी कोण, हे आशालताच्या जिभेवर होतं. मोकळ्या ठेवलेल्या जिभेवर.

ती कोरडी पडली होती.

मोठ्या बाई आठवल्या, पिठानं माखलेल्या जिन्यावर उभ्या राहून नवीन मुलींना नियम समजावणाऱ्या. त्या खोटं सांगत नव्हत्या. एकदा घोट घेतला की सोमवारी आपण जे बोलू ते एका घरचं पाणी प्यालेल्या बाईचं बोलणं असेल. वरदला ते कळलं तर तो हसून, मृदूपणे, दुसऱ्या कुणाला तरी पाठवील. आणि मैना खोटं बोलत असेल, तर एक मूल या पायऱ्यांपाशी परत येईल, तेही आपल्या शब्दावर. हे सगळं आशालताला दिसत होतं. डोळे मिटूनही तिला नेहमी सगळं दिसत असे.

"मैना," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "मला थोडं पाणी देतेस?"

काशिरामनं मान वर केली.

मैना तिच्याकडे पाहत राहिली. ती नजर आशालताला नवी नव्हती. समोरचं माणूस आत्ता, या घटकेला, हे का म्हणत आहे. कुणी शिकवून पाठवलं आहे का. याच्या मागे काय आहे. आजवर ती या नजरेच्या अलीकडच्या बाजूला उभी राहिली होती.

मग मैना पुढे आली. तिनं आशालताच्या हातातून दोराचं टोक काढून घेतलं, चिंधी सारखी केली, वेटोळं करून दोर खांबाच्या खुंटीला टांगला, आणि आत निघून गेली; पाणी आणायला की दार लावून घ्यायला, हे आशालताला सांगता येत नव्हतं.